बकुळाची वेणी

मोगरवाडीत सकाळ आधी नाकाला कळायची आणि मग डोळ्यांना. कोंबडा आरवायच्या आधीच मळ्यातून मोगऱ्याचा घमघमाट निघायचा, घराघरांत शिरायचा आणि झोपलेल्या पोरांच्या नाकांना गुदगुल्या करायचा. मग पूर्वेला एक गुलाबी रेघ उमटायची, तिची केशरी व्हायची, आणि हिरव्यागार झुडपांवर पांढऱ्याशुभ्र कळ्या लुकलुकायला लागायच्या.

या वाडीत बकुळा नावाची एक मुलगी राहायची. इवल्याशा नाकाची, टपोऱ्या डोळ्यांची. तिचे आईबाबा दुसऱ्याच्या मळ्यात कळ्या तोडायचे, आणि दुपारभर तिची आई सुभद्रा गजरे ओवायची. साऱ्या वाडीच्या बायका सुभद्राच्या हातचे गजरे माळून मिरवायच्या. पण सुभद्राच्या स्वतःच्या लेकीला काही गजरा माळता येत नव्हता. गजऱ्याला केस लागतात ना! आणि बकुळाच्या डोक्यावर होती नुसती नुकती उगवलेली मेथी.

झालं होतं असं, की बकुळा आजारी पडली होती. साधीसुधी नाही, फार आजारी. तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ती कितीतरी महिने राहिली. तिथली औषधं मोठी कडक. त्यांनी आजाराला हुसकून लावलं, आणि जाता जाता बकुळाचे केसही नेले. पण बकुळा बरी झाली. डॉक्टरीणबाईंनी तिचा गाल ओढून सांगितलं, "जा, आता शाळेत जाऊन दंगा कर."

परतीच्या एसटीत मात्र आईनं तिला जवळ ओढलं आणि कानात कुजबुजली, "कुनी इचारलं तर टायफॉईड झालता म्हनायचं. त्या आजाराचं नाव तोंडातनं काढायचं न्हाई. माझी शपथ हाय तुला."

"का गं आई?"

"लोकं वाईट न्हाईत गं, पर भित्री हायत. तुला शिवायची न्हाईत. खेळायला घ्यायची न्हाईत."

म्हणून बकुळा सगळ्यांना टायफॉईड म्हणून सांगायची. पोरी तरीही तिला हसायच्याच. "टकलू, टकलू!" करून पळायच्या. शेजारचा गुंड्या तेवढा तिचा दोस्त. गुंड्या म्हणजे एवढंसं पोर, शेंबूड पुसायलाही त्याला सवड नसायची. बिनकेसांची मुलगी त्यानं कधी पाहिलीच नव्हती, म्हणून तो तिला खुशाल "बकूदादा" म्हणायचा. बकुळाला त्याचा राग येत नसे. उलट तो दारात आला नाही, तर तिचा दिवस सुना जायचा.

एके दिवशी पहाटे बकुळा आईबरोबर मळ्यात गेली. एक टपोरी कळी तोडणार, तोच कळीच्या आड कोणीतरी शिंकलं.

"आक्छी!"

बकुळानं पान बाजूला केलं, आणि बघते तो काय! पानावर बसली होती एक पिटुकली परी. अंगात दुधी रंगाचा झगा, कपाळाला चांदणीएवढी टिकली आणि पाठीला जांभळे-निळे पंख. पण पंख दवानं चिंब भिजून अंगाला चिकटले होते, आणि बिचारी कुडकुडत होती.

"दव पडायच्या आत घरी जायचं असतं," परी ओशाळून म्हणाली. "मी वासात रमले, आणि झाली फजिती!"

बकुळानं तिला अलगद ओंजळीत घेतलं. दवाखान्यात सुया टोचून हात गार पडायचे, तेव्हा आई जशी फुंकर घालायची, तश्शी तिनं हळूहळू ऊन ऊन फुंकर घातली. पंखांवरचं पाणी उडालं. जांभळा रंग चमकला, निळा रंग झळकला, आणि परी भुर्रकन उडून बकुळाच्या बोटावर येऊन बसली.

"गुणाची गं माझी! माग, काय हवं ते माग. पण आधी ऐकून घे. माझी जादू कातडीच्या वरवरची. रंग, गंध, झळाळी, केस..."

"केस?" बकुळाला पुढचं काही ऐकूच आलं नाही. "मला वेणी हवी! कमरेपर्यंत!"

परीनं मान तिरकी केली आणि तिच्या डोळ्यांत खोलवर पाहिलं.

"देईन. पण तू काहीतरी लपवून ठेवलं आहेस ना, त्याच धाग्यानं ही वेणी विणली जाईल. ते लपलेलं आहे, तोवर वेणी तुझी. त्या आजाराचं नाव तू चारचौघांत घेतलंस, की वेणी गेली. मग मलाही ती परत आणता येणार नाही. चालेल?"

न चालायला काय झालं! आईची शपथ होतीच की. बकुळानं जोरजोरात मान हलवली, आणि मान हलता हलताच पाठीवर काहीतरी मऊ मऊ आपटलं. काळीभोर, चमचमती, नागिणीसारखी लांब वेणी!

परीची जादू अशी, की कुणालाच त्याचं फारसं नवल वाटलं नाही. आई म्हणाली, जास्वंदीच्या तेलाचा गुण. मग काय, वाडीतल्या बायका तेल कसं करतात ते विचारायला रांगेनं आल्या. आईनं वेणीवर भरगच्च गजरा माळला, आणि पोरी बकुळाला खेळायला बोलवायला लागल्या. गुंड्याला तर लगामच सापडला. तो वेणी धरून मागून ओरडायचा, "हर्र! चल गं बैला!" आणि बकुळा अंगणभर धावायची. इतकी सुखात ती कधीच नव्हती.

पण हळूहळू गुंड्याचं धावणं कमी झालं. तो मध्येच बसायचा. गाल पांढरेफटक पडले, अंगावर निळे डाग उमटले, ताप काही हटेना. बकुळानं ते डाग लगेच ओळखले. तसे डाग तिच्या स्वतःच्या पायांवर होते, एके काळी.

तालुक्याच्या डॉक्टरांनी गुंड्याला तपासलं. तोच आजार. "ताबडतोब शहरात न्या, मोठ्या दवाखान्यात," असं त्यांनी बजावून सांगितलं. पण गुंड्याची आई मंजुळाकाकू आणि बाबा भिकाकाका त्याला घेऊन सरळ घरी आले आणि दार लावून बसले.

बकुळा धावत मळ्यात गेली. "परी, ए परी! माझ्या गुंड्याला बरं कर ना!"

परी आली, पण तिचे पंख आज मिटलेले होते. "मी सांगत होते, तेव्हा तू ऐकलं नाहीस, सोनुली. माझी जादू वरवरची. आतलं दुखणं मला बरं करता येत नाही. तुला कुणी बरं केलं होतं?"

"दवाखान्यानं. डॉक्टरीणबाईंनी."

"मग त्याचा रस्ता तोच," परी म्हणाली आणि पानाआड गेली.

बकुळा घरी आली. आरशासमोर उभी राहिली. वेणी पुढे घेऊन तिनं गालाला लावली. किती मऊ होती! मग ती आईकडे गेली. "आई, आपण सांगूया ना गं त्यांना."

आईच्या हातातली सुई थांबली. आईचे डोळे भरले, पण ती म्हणाली, "गप बस. शपथ दिलीय मी." आणि पुन्हा कळ्या ओवायला लागली. बकुळाही गप्प बसली. खरं सांगायचं तर तिलाही वेणी सोडवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अंगणात गडबड उडाली. बकुळा बघायला गेली. गुंड्या नवाकोरा पिवळाधमक सदरा घालून बाजेवर बसला होता. समोर लाल मोटार, भोवरा, पिपाणी. आणि परातभर जिलब्या! वाडीतली माणसं गोळा झाली होती.

"बकूदादा, ये!" गुंड्यानं अर्धी जिलबी तिच्या हातावर ठेवली. "आज माझी दिवाळी हाय. मागंल ते मिळतंय बघ!"

जिलबीचा पाक बकुळाच्या बोटांवरून ओघळला. आज ना दिवाळी होती, ना गुंड्याचा वाढदिवस.

"अहो, शहरात का नेत न्हाई?" कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

भिकाकाकांनी उपरण्यानं डोळे टिपले. "नेऊन काय करू? सुया टोचून पोराचे हाल. त्या आजारातनं उठलेलं मानूस बघितलंय का कुनी? तुम्ही बघितलंय? तुम्ही? हितंच ऱ्हाऊ दे. खाऊ दे, खेळू दे, जेवढं दिवस हायत तेवढं."

कुणीच पाहिलं नव्हतं. आणि कुणीच पाहिलं नाही असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्या मधोमध बकुळा उभी होती, हातात अर्धी जिलबी घेऊन.

तिनं एक हात मागे नेऊन वेणी घट्ट धरली. मग सोडून दिली.

"मी हाय की!" ती ओरडली. "भिकाकाका, मी उठलेय त्यातनं! मला टायफॉईड झालाच नव्हता. मला कॅन्सर झालता!"

तो शब्द अंगणात पडला मात्र, आणि वाऱ्याची एक झुळूक आली. वेणी सुटली. एकेक केस चंदेरी झाला, आणि रुईच्या म्हाताऱ्या उडाव्यात तसे ते तरंगत तरंगत वर गेले. गजरा तेवढा टपकन खाली पडला. बकुळाच्या डोक्यावर पुन्हा मेथी!

सारं अंगण आ वासून बघत राहिलं. गुंड्या तेवढा टाळ्या पिटायला लागला. "माझा बकूदादा आला!"

"काय बोलतीया पोर?" मंजुळाकाकू पुटपुटली. "सुभद्रे, हे खरं हाय?"

सगळ्या माना कुंपणाकडे वळल्या. तिथं बकुळाची आई उभी होती. बकुळानं डोळे गच्च मिटले. शपथ मोडली होती. आता काय होणार?

आई चालत आली. लेकीच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला, आणि तिला रडूच कोसळलं. "खरं हाय, मंजुळे. मी भ्याले, म्हनून लपवलं. शिवल्यानं होत न्हाई गं हा आजार, पर लोकं काय म्हनतील, हेच डोक्यात. आन् माझ्या भ्यान्यापायी तुझं पोर जिलब्या खात बसलंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "समदीच पोरं बरी व्हत्यात, असं न्हाई सांगत मी. पर बकुळासारखी कितीतरी घरी जाताना या डोळ्यांनी बघितलीत. ऊठ. मी येते संगं. कुठल्या दारातनं आत जायचं, कुनाला काय इचारायचं, समदं ठाऊक हाय मला."

मंजुळाकाकूनं हात बकुळाच्या डोक्यावर ठेवला. त्या कोवळ्या, टोचऱ्या केसांवरून ती कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. मग तिनं गुंड्याला उचललं. दुपारच्या एसटीनं सगळे शहरात गेले. उरलेल्या जिलब्यांचा पुडा गुंड्यानं काखेत मारला होता, हे सांगायलाच नको.

औषधं कडक होती. गुंड्या रडला, रुसला, दवाखान्यातल्या सिस्टरांना चावलासुद्धा. पण त्याचा ताप उतरला, डाग गेले, आणि औषधांच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये तो घरी आला तेव्हा त्याचं डोकं कलिंगडासारखं गुळगुळीत होतं आणि आवाज होता पहिल्यासारखाच खणखणीत. अजून बरेच दिवस त्याला दवाखान्यात ये-जा करावी लागणार होती. बकुळाची आई दर खेपेला सोबत जायची, आणि जाताना आसपासच्या गावांतल्या आणखी कुणा ना कुणा आईचा हात धरून न्यायची. बाबा एकटे कळ्या तोडायचे, पण कुरकुरायचे नाहीत.

एका सोनेरी सकाळी मळ्यात परी पुन्हा भेटली. बकुळाचे केस आता कानाशी आले होते, आपले आपणच.

"निरोप घ्यायला आले," परी म्हणाली. "तुला बक्षीस द्यायचंय. वेणी नाही देता येणार, पण दुसरं काही माग. मोरपंखी परकर? चांदीचे पैंजण?"

बकुळानं खूप विचार केला. "माझ्या आईच्या मनातली भीती घालवशील?"

परी खुदकन हसली. "वेडी गं वेडी! भीती आतली असते. तिथं माझं काही चालत नाही. पण तू जरा कान दे बघू."

बकुळानं कान दिला. मळ्याच्या बांधावर, त्यांच्या दारासमोरच्या वाटेवर, एक परकी बाई उभी होती. कडेवर लहानशी मुलगी, मुलीच्या डोक्याला निळा रुमाल. बाई इकडेतिकडे बघत, वाटेनं जाणाऱ्या एकाला अगदी हळू आवाजात विचारत होती, "हितं... ती कॅन्सरमधनं उठलेली मुलगी ऱ्हाते म्हनं. तिचं घर कुठलं हो?"

आणि घरातून आईचा आवाज आला. कुजबुजता नाही, मोठ्ठा, पार वेशीपर्यंत ऐकू जाईल असा.

"हेच घर! या, आत या! बकुळा, ए बकुळा, पाहुनी आलीय बघ तुझी!"

बकुळा आनंदानं परीकडे वळली. पण परी तिथं नव्हती; बकुळाच्या बोटावर नुसता दुधाळ उजेडाचा एक थेंब थरथरत होता. तो मोठा मोठा होत गेला, साऱ्या मळ्यावर पसरला, आणि उन्हात विरून गेला.

बकुळा धावत घरी आली. रुमालवाली मुलगी स्वतःच्या आईच्या पदरात तोंड लपवून बसली होती. बकुळा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं आपलं डोकं पुढे केलं.

"लाव हात," ती म्हणाली. "माझे पन गेले होते."

पदराआडून एक चिमुकला हात हळूच बाहेर आला.