राजनिद्रेचा वास

एका राज्यात, जिथे राजाच्या चुकीची शिक्षा हटकून दुसऱ्यालाच व्हायची, महीपाळ नावाचा राजा होता. त्यानं एका मांत्रिकाला भर दरबारातून हाकललं. हुकूम राजाचा, पण धक्के मारायला पुढे केला फणसबागेचा राखणदार हैबती. मांत्रिक उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "राजा, तुझ्या डोळ्याला डोळा लागणार नाही. आणि तू झोपेपर्यंत हा हैबती माणसांत दिसणार नाही." हैबती तिथल्या तिथे नाहीसा झाला.

हैबतीची बायको साळू राजाच्या भांगेच्या शेतात नर झाडं वेचायची. नराची धूळ उडाली की मादीच्या फुलात बी धरतं, फुलाचा जोर जातो. म्हणून नर दिसला की उपटायचा. साळूचा हात कधी चुकला नव्हता. तेच नडलं.

राजानं होती नव्हती ती सगळी भांग प्याली. झोप कसली येतेय! साळू बांधावर रडत बसली, तेव्हा भारद्वाज पक्षी तिला म्हणाला, "साळूबाई, तीन कामं करशील?"

"नवरा मिळत असेल तर तीस करीन."

"बर्फाच्या घाटावरच्या राक्षसिणीकडून भांगेचं बी आण. मुक्या तळ्याच्या पाण्यात भिजवून पेर. पिकात एकच नर उगवेल. राजा झोपेपर्यंत त्याला हात लावू नकोस."

"का?"

"सांगितलं तर माझी जीभ झडेल."

साळूनं तीन दिवस राक्षसिणीच्या जटा विंचरल्या, बी आणलं, भिजवलं, पेरलं. आठ दिवसांत पीक उभं राहिलं. नराची धूळ उडाली, बी धरलं, तेही तिनं शेजारच्या वाफ्यात पेरलं. आता राजासाठी फुलं घोटायला दूध किती लागेल, या विचारात ती दुपारची शेतातून चालली होती. हात आपसूक गेला. नर उपटून बांधावर फेकल्यावर तिला भान आलं. बिचारीनं तो परत मातीत रोवला, घागरभर पाणी घातलं. तो उभा राहिला नाही.

नव्या वाफ्याला फुलं आली. कडेला जांभळी, बोटांना चिकटणारी, जिभेवर आधी गोड नि मग कडू. आणि साऱ्या शेताला पिकल्या फणसाचा वास सुटला. हैबतीच्या हातांना असायचा तोच. आपण उपटलं ते कोण होतं, हे साळूला कळलं.

तरी आशा सुटेना. तिनं फुलं दुधात घोटून राजाला दिली. राजा घोरू लागला, शाप फिटला, आणि साळू शेताकडे धावली. वाळल्या झाडाच्या जागी हैबती आडवा होता. केसांत माती, नाकाशी श्वास नाही.

तिसऱ्या दिवशी राजा ताजातवाना उठला. वाणाचं नाव राजनिद्रा ठेवलं, साळूला शेताची मुकादम केलं. "हा वास कुठला, बाई?" त्यानं विचारलं.

"माझ्या नवऱ्याच्या हातांचा, महाराज."

राजाला ते फार गोड वाटलं. कारकुनानं वहीत लिहिलं, वास डोंगरी बियाण्याचा.

पुढे दर पेरणीला साळू एक नर उभाच ठेवायची, आणि त्याला कुणी हात लावलेला तिला खपायचं नाही. म्हणून राजनिद्रेच्या फुलात बी निघतं. लोक ते थुंकून टाकतात.