खेकडिणीचे उंच डोळे

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा त्या खाडीला कुणी नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

खाडीच्या काठी नजर पुरेल तिथवर सपाट चिखल होता आणि त्या चिखलात खेकड्यांचं गाव. ज्याचं त्याचं बीळ. ओहोटी लागली की बाहेर यायचं, चिखल चिवडून पोट भरायचं. भरती आली की बिळाचं तोंड मातीने लिंपून आत बसायचं. साधं जगणं होतं.

गावाच्या कडेला एक वाळलेलं झाड होतं. त्यावर एक घार येऊन बसली आणि म्हणाली, "आजपासून मी तुमची राणी." तिला राणी कुणी केलं नव्हतं. पण कुणी नको असंही म्हटलं नाही. राण्या अशाच होतात.

घारीचा कायदा एकच होता.

"माझे डोळे बघा," ती म्हणाली. "दोनच, पण अखंड. आणि तुमचे? हजार तुकडे शेजारी शेजारी चिकटवलेले, फुटक्या आरशासारखे. असले फुटके डोळे माझ्यावर पडले की मला अपशकुन होतो. मी शीळ घातली की डोळे खाली. दुसरी शीळ ऐकू येईपर्यंत वर करायचे नाहीत. जो करेल तो जाईल."

खेकड्याचे डोळे दांडीच्या टोकावर असतात, आणि कवचाला ती दांडी आडवी ठेवायला खाच असते. वाळू उडाली तर डोळा वाचावा म्हणून ती खाच. पण मनात भीती शिरली की घरातल्या वस्तूचा भलताच उपयोग होतो. रोज शीळ व्हायची. रोज गावभर डोळे खाचेत आडवे व्हायचे. दुसरी शीळ झाली की डोळे उठायचे, आणि एक खेकडा कमी झालेला असायचा.

गावचा कारभारी होता. त्याची एक नांगी अख्ख्या अंगाएवढी, आणि ती हलवल्याशिवाय त्याला बोलता यायचं नाही. तो म्हणायचा, "त्याने डोळे वर केले असणार. केले, आणि गेला." खेकड्यांना मान नसते, नाहीतर सगळ्यांनी डोलावली असती.

त्या गावात एक खेकडीण होती. तिच्या पोटाच्या झाकणाखाली अंडी होती, मोहरीसारखी, शेकड्यांनी. एके दिवशी दुसरी शीळ झाली, तिने डोळे उचलले, आणि शेजारच्या बिळापाशी तिची धाकटी बहीण नव्हती.

कारभारी आला, नांगी हलवली. "तिने डोळे वर..."

"गप्प बस!" खेकडीण म्हणाली. "माझी बहीण भरतीच्या फेसाला घाबरायची. स्वतःच्या सावलीपासून आडवी पळायची. ती घारीकडे बघेल?"

"मग गेली कशी?"

"तेच तर विचारतेय. तू पाहिलंस?"

"मी कसं पाहणार? मी कायदा पाळतो!"

"म्हणजे कुणीच पाहिलं नाही, आणि सगळ्यांना माहीत आहे. वा रे कारभार!"

सासूने तिला बिळात ओढलं. "अगं, तोंडाला काही कुलूप? पोटात अंडी आहेत तुझ्या. गप बसायला काय जातं?"

खेकडिणीने झाकण जरासं उघडलं. अंड्यांत अजून पाय नव्हते, नांगी नव्हती. पण प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके आले होते.

"सासूबाई, हे काय आहे?"

"डोळे. आपल्यात सगळ्यांआधी डोळेच दिसायला लागतात."

"जे आयुष्यभर खाली ठेवायचे, ते आधी कशाला येतात?"

सासूने ते झाकण परत लावलं. मग हळूच म्हणाली, "माझी आजी सांगायची. पूर्वी आपले डोळे उंच नव्हते, अंगालाच चिकटलेले होते. चिखल सपाट. लांबचं काही दिसायचं नाही. त्यात एखाद्याचा डोळा जन्मतःच केसभर वर असायचा. त्याला आधी दिसायचं, तो आधी पळायचा. बुटक्या डोळ्यांचे खाल्ले गेले. उंच डोळ्यांचे उरले, त्यांनाच पोरं झाली. त्या पोरांत जो आणखी उंच, तो उरला. केस केस करत, किती पिढ्या गेल्या कोण जाणे, तेव्हा ही दांडी झाली."

"आणि ती आपण एका शिळेवर खाली घातली," खेकडीण म्हणाली.



दुसऱ्या दिवशी शीळ झाली. खेकडिणीने एक डोळा खाचेत ठेवला आणि दुसरा उचलला. घार झाडावरून उतरली. चिखलावरून सावकाश फिरली, बाजारात भाजी निवडावी तशी. तिच्यासमोर आली, तो उघडा डोळा पाहिला, आणि वळली. पुढे डोळे खाचेत घट्ट दाबून बसलेला एक जाडजूड खेकडा उचलून घेऊन गेली.

खेकडिणीने सारं गाव गोळा केलं. "ती डोळे खाली घालणाऱ्यांनाच नेते! मी पाहिलं."

गावात हाहाकार उडाला. खेकडा गेला म्हणून नव्हे, हिने पाहिलं म्हणून.

"बघा, बघा! स्वतःच्या तोंडाने कबूल करतेय!" कारभारी ओरडला.

"करते. मी पाहिलं, आणि मी इथे उभी आहे. ज्याने पाहिलं नाही तो घारीच्या पोटात आहे. एवढा हिशेब कळायला नांगी मोठी लागत नाही, कारभारी."

कुणीतरी हसलं, पण लगेच घाबरून गप्प झालं. कारभाऱ्याने निवाडा केला. उद्या हिला उघड्यावर उभी करायची. राणी काय ते बघून घेईल.

खेकडीण स्वतःच्या पायाने गेली आणि बहिणीच्या रिकाम्या बिळाच्या तोंडाशी उभी राहिली. शीळ झाली. गावभर डोळे आडवे झाले. तिचे दोन्ही उभे राहिले.

"डोळे खाली कर, ए फुटक्या डोळ्यांचे!" घार किंचाळली.

"नाही करत. माझा एकेक तुकडा माझ्यासाठी एकेक बाजू राखतो. हजार तुकडे, हजार राखणदार. तुझे डोळे एवढे अखंड, तरी मागचं बघायला तुला मान वळवावी लागते. मला मानच नाही, आणि तिच्यावाचून माझं काही अडतही नाही. ये!"

घार समोरून झेपावली. खेकडीण बिळात. घारीच्या नख्या चिखलात रुतल्या, थपकन आवाज झाला. नख्या सोडवून ती उडाली, तेवढ्यात बिळातून आधी दोन डोळे वर आले, मग खेकडीण.

घार मागून आली. थप! उन्हाच्या बाजूने आली. थप! दर वेळी नख्यांत चिखल, आणि दर वेळी आधी ते दोन डोळे वर.

गावाला दिसत काही नव्हतं, ऐकू येत होतं. एक थप, दोन थप, तीन थप. आणि दुसरी शीळ काही होईना. म्हाताऱ्या सासूला राहवलं नाही. "माझी सून आहे ती," असं म्हणून तिने डोळे उचलले. तिने चिखलाने बरबटलेली, धापा टाकणारी राणी पाहिली, आणि मोठ्याने म्हणाली, "अगं बाई! ही तर नुसती भुकेली घार आहे!"

मग शेजारणीने डोळे उचलले. मग तिच्या पोरांनी. बघता बघता चिखलभर डोळे उगवले. घार जिकडे वळे तिकडे तिला कुणीतरी पाहत होतं, आणि सावली पडायच्या आत बिळात होतं. तीन दिवस ती उपाशी बसली. चौथ्या दिवशी ते वाळकं झाड रिकामं होतं.

कारभाऱ्याला मात्र ते पटलं नाही. "कायदा तो कायदा," म्हणत तो आपल्या माणसांना घेऊन खडकाखालच्या काळ्याकुट्ट विवरात राहायला गेला. तिथे डोळा असून नसून सारखाच. थोट्या डोळ्याचं पोर जन्मलं तरी कुणाला कळलं नाही, त्याचं काही बिघडलंही नाही. पिढ्यामागून पिढ्या डोळे झिजत गेले. आज त्यांच्या वंशात डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन गाठी आहेत, आणि ते अजून शीळ कधी होते याची वाट पाहतात.

इकडे मोठी भरती आली तेव्हा खेकडीण पाण्याच्या कडेला गेली आणि तिने पोटाचं झाकण उघडलं. पोरं पाण्यात सुटली, इवलीशी, अंग कमी आणि डोळेच जास्त. एकानेही ते खाली घातले नव्हते.

जो तुम्हाला डोळे खाली घालायला लावतो तो तुमच्या डोळ्यांना भितो, म्हणून त्याच्याकडे आधी बघा.