पीळ पडलेली वाडी

ऐका आता. पाय पांघरुणात घ्या आधी. राघू, तुझा पाय मनूच्या पोटावर आहे, तो काढ. हां.

तर एका माळावर एकदा मोठा घोटाळा झाला. राजाच्या राज्यात नव्हे. राजाला आज सुट्टी. माळावर एक धनगरांची वाडी होती. मोजकी घरं, एक विहीर, एक चिंच, एक देऊळ, बस्स. त्या वाडीत हौसा नावाची बाई राहायची. तिचा नवरा मायाप्पा. दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन लांब चरायला जायचा, आणि पावसाच्या आधी परत यायचा.

या हौसाला विणायचं वेड. वेड म्हणजे वेडच, बरं का. वाडीतल्या सगळ्याच बायका लोकर कातायच्या, पण ती घोंगडीसाठी. टकळीला गिरकी द्यायची, सूत ओढायचं, घोंगडी विणणाऱ्याकडे पाठवायचं, संपलं काम. हौसा सूत कातायची, आणि मग बांबूच्या पाच सुया घेऊन त्याचं काहीतरी विणत बसायची. तिला कुणी शिकवलं? मला काय माहीत! मधे मधे विचारायचं नाही. तिनं दुधाच्या चरवीला टोपी विणली. बोकडाला गळपट्टा विणला. दाराच्या कडीला मोजा विणला. शेजारची चांगुणाकाकू म्हणायची, "आगं, कडीला मोजा? काय उपेग त्याचा?"

"काय बी न्हाई," हौसा म्हणायची, आणि हसून पुढचा टाका घालायची.

आता मायाप्पाच्या कळपात एक मेंढी होती. तिच्या लोकरीचा रंग कुणालाच सांगता यायचा नाही. सकाळी बघावं तर राखाडी, दुपारी पिवळट, संध्याकाळी जांभळी. ती म्हणे एकदा धुक्यात हरवली होती, आणि परत आली ती अशीच. धुक्यात तिला काय झालं ते तिलाच ठाऊक. विचारलं तर बें म्हणायची.

मग त्या वर्षी काय झालं, मायाप्पा निघाला, आणि जाताना त्या मेंढीची लोकर कातरून हौसाला देऊन गेला. हौसानं ती पिंजली. कातली. असं मऊ आणि बारीक सूत निघालं की तिलाच हसू आलं. मग तिच्या मनात आलं, मायाप्पा इतका लांब असतो, त्याला वाडीची आठवण येत असेल. आपण त्याला गळ्यात घालायला एक गोल पट्टा विणू. त्या पट्ट्यावर सगळी वाडी विणू. म्हणजे कुठंही गेला तरी वाडी त्याच्या गळ्यात.

छान आहे की नाही? छानच होतं. घोटाळा पुढं आहे.

गोल विणायचं म्हणजे काय करतात माहीत आहे? आधी सगळे टाके सुयांवर घालायचे. मग शेवटचा टाका पहिल्या टाक्याला जोडायचा, म्हणजे गोल तयार. पण जोडण्याआधी नीट बघायचं असतं, सगळे टाके खाली तोंड करून आहेत ना. एखाद्या सुईशी पीळ पडला असेल तर संपलंच. राघू, तू शाळेत जाताना पट्टा घालतोस, घाईत त्याला मधेच पीळ पडतो, आणि बक्कल तर लागतं. तसंच. त्या पिळाच्या पट्ट्यावर मुंगी सोडली ना, तर ती बिचारी बाहेरून निघते आणि चालता चालता आत पोचते. कशी पोचते ते मला विचारू नका. मी लहान असताना ही गोष्ट ऐकली, तेव्हाही मला कळलं नव्हतं.

तर हौसा जोडणार, तेवढ्यात बोकड आपलाच गळपट्टा खायला लागला. हौसा खो खो हसली. आणि हसता हसता तिनं टाके जोडून टाकले. बघितलंच नाही.

मग सुरू झालं विणकाम. पहिल्या ओळीपासून तिनं आपलं घर धरलं. मग शेजारची घरं, वाट. मग विहीर, चिंच, देऊळ. जे विणायला घ्यावं त्याचा रंग ती लोकर आपोआप घ्यायची. माणसं मात्र तिनं विणली नाहीत. माणसांची नाकं तिला जमायची नाहीत. चांगला वीतभर पट्टा झाल्यावर तिला पीळ दिसला. "अगं बाई!" म्हणाली. पण उसवायचं जिवावर आलं. इतकं सुरेख झालेलं, कोण उसवेल? "असू दे," म्हणाली, आणि विणत राहिली.

आणि इथंच सगळं बिनसलं. ती लोकर साधी नव्हती. तिच्यावर वाडी विणली, तर तिला वाटायला लागलं, आपणच वाडी. मग खऱ्या वाडीलाही पीळ पडला!

सकाळी चांगुणाकाकू घागर घेऊन विहिरीकडे निघाली. नेहमीच्या वाटेनं गेली, चिंचेपाशी वळली, आणि पोचली कुठं? आपल्याच घराच्या मागच्या दारी! घागर रिकामी. "आरं, मी इसरले का काय?" म्हणून परत गेली. परत मागचं दार. मग गुरव देवळाकडे निघाला. फुलं घेऊन, देवाचं नाव घेत, डोळे मिटून पायरी चढला. डोळे उघडले तर समोर चांगुणाकाकूची चूल! त्यानं चुलीलाच नमस्कार केला आणि कावराबावरा होऊन बाहेर आला. मग शेळ्या चरायला सोडल्या. पुढच्या वाटेनं गेल्या, आणि थोड्या वेळानं छपरावरून उतरायला लागल्या.

सगळी वाडी चक्रावली. हा म्हणे तू वाट बदललीस, ती म्हणे तू बदललीस. वाट कधी कुणी बदलतं का? पण माणसाला कळेनासं झालं की आधी भांडण सुचतं.

हौसा भांडत नव्हती. ती दारात उभी होती, कारण मायाप्पाच्या येण्याचे दिवस आले होते. आणि आली, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांची किणकिण आली! जवळ आली. आणखी जवळ आली. आणि मग लांब गेली. परत जवळ आली, आणि या वेळी ऐकू आली ती घराच्या जमिनीखालून.

हौसानं सारवलेल्या जमिनीला कान लावला.

"हौसा! आगं हौसा!" खालून मायाप्पा ओरडत होता. "आपलं घर कुटं गेलं?"

"हितंच हाय की!"

"मग मी कुटं हाय?"

आता याला काय उत्तर द्यायचं? तुम्ही दिलं असतं? हौसाला रडू फुटलं.

"चालून चालून पाय गेलं," मायाप्पा म्हणाला. "हिकडं गवताची काडी न्हाई. पाण्याचा थेंब न्हाई. कोकरं बसत्यात, उठवली तर पुन्ना बसत्यात. आन् जमीन बी कसली गं ही. पायाखाली नुसत्या गाठी लागत्यात."

"गाठी?" हौसाचं रडू थांबलं. "कसल्या गाठी? आडव्या आडव्या? वळीनं?"

"व्हय! वळीनं."

हौसा उठली. तिनं खुंटीवरचा पट्टा काढला आणि उलटा करून बघितला. विणकामाची सुलटी बाजू कशी गुळगुळीत असते, आणि उलट्या बाजूला गाठीच गाठी, ओळीनं. त्या गाठींवरून डाळीच्या दाण्याएवढा एक उंचवटा हळूहळू चालला होता. मागून बारीक बारीक ठिपके. मायाप्पा आणि त्याची मेंढरं! तिचा नवरा तिच्याच विणकामाच्या उलट्या बाजूला अडकला होता. ज्याच्यासाठी विणलं तोच.

मग तिनं काय केलं? पट्टा झटकन उलटा केला. आतली बाजू बाहेर. झालं! वाडीतली भांडी धडाधड पडली, कोंबड्या आढ्याला उलट्या लटकल्या, आणि मायाप्पाची हाक छपरातून यायला लागली. म्हणजे खालचा वर गेला, पण घरात काही आला नाही.

मग तिनं पीळ बोटांनी पुढं सरकवला. विहिरीजवळचा पीळ देवळापाशी गेला. आता चांगुणाकाकूला विहीर सापडली, पण पाणी घेऊन निघाली ती गुरवाच्या घरात शिरली. गुरव म्हणाला, हे माझं घर. काकू म्हणाली, मग माझं कुठलं? पीळ होता तेवढाच राहिला. कुठंही सरकवला तरी तेवढाच.

मग काकू चिडली. ती मेंढरं कातरायची मोठी कातर घेऊन आली. "काप त्ये सोंग!" म्हणाली. हौसानं कातर हातात घेतली. पात्यांत एक टाका धरला. तेवढ्यात जमीन थरारली, आणि छपरातून मायाप्पा ओरडला, "हौसा, पायाखालचं फाटतंया गं!" कोकरं एकदम बें बें करायला लागली. हौसानं कातर लांब फेकली.

पहिल्या ओळीतला पीळ कापून जात नाही, सरकवून जात नाही, आणि दडवून तर मुळीच नाही. उसवावं लागतं. अगदी पहिल्या टाक्यापर्यंत. हे हौसाला पीळ दिसला त्या दिवसापासून माहीत होतं. नुसतं करायचं नव्हतं.

तिनं तो पट्टा मांडीवर घेतला. देऊळ काय झालं होतं! चिंचेचं पान न् पान वेगळं. असं तिच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि पुन्हा होईल याचा भरवसा नव्हता. तिनं पट्ट्यावरून एकदा हात फिरवला. मग सुया काढून घेतल्या, धाग्याचं टोक आकडीच्या सुईनं टाक्यांतून पलीकडच्या बाजूला ढकललं, आणि वर तोंड करून ओरडली, "अवं! धागा दिसतोय का?"

"दोरखंड दिसतोय!"

"त्योच! धरा, आन् गुंडाळत या. सोडू नगा."

धनगराला चालता चालता हातानं काहीतरी करायची सवयच असते. मायाप्पा धागा गुंडाळत चालायला लागला, इकडे हौसा टाके मोकळे करायला लागली. टरर टरर ओळ उसवली, आणि देऊळ गेलं. खरं देऊळ! होतं तिथं नुसता माळ. गुरव मटकन खाली बसला. मग चिंच गेली. मग विहीर गेली.

"आगं, माझं घर तरी ऱ्हाऊ दे!" काकूनं तिचा हात धरला.

"काकू, मला बी भ्या वाटतंय," हौसा म्हणाली. "पुन्ना हुईल का न्हाई, मला म्हाईत न्हाई. पर त्येनला आणल्याबिगर मी थांबायची न्हाई."

काकूनं तिच्याकडे बघितलं. मग हात सोडला. काकूचं घर गेलं, बाकीची घरं गेली. काकू तिथंच उभी राहिली, बगलेत रिकामी घागर घेऊन.

मग राहिली शेवटची ओळ, हौसाच्या स्वतःच्या घराची. हौसानं डोळे मिटले आणि धागा ओढला. भिंती गेल्या, छप्पर गेलं, पीळ सुटला. डोळे उघडले तर समोर मायाप्पा, हातात भोपळ्याएवढा लोकरीचा गुंडा, मागं दमलेली मेंढरं. आणि चहूकडे मोकळा माळ. एवढ्या मोठ्या माळावर सगळी वाडी बसलेली, वाडी मात्र नाही.

माळावरचं गवत मात्र होतं, ते काही हौसानं विणलं नव्हतं. कोकरं त्याला लागली. मायाप्पानं आपल्या पखालीतलं राहिलेलं ओंजळभर पाणी हौसाला दिलं आणि म्हणाला, "घाल टाके."

हौसानं टाके घातले. पण जोडायची वेळ आली आणि तिनं सुया मांडीवर ठेवल्या. हसत हसत विणणारी बाई, आता एक टाका जोडेना. मायाप्पा पुढं सरकला. त्यानं पाची सुया खालून तळहातावर धरल्या. गुरव वाकला, काकू वाकली, सगळी वाडी वाकून बघायला लागली. ह्याचं तोंड खाली आहे का? आहे. त्याचं? आहे. हा तिरका वाटतो. नाही गं, तो तसाच असतो.

"जोड," मायाप्पा म्हणाला.

हौसानं जोडला. एक टाका झाला. दुसरा झाला. मग तिची बोटं आपोआप चालायला लागली, सूत सुईवरून सरसरायला लागलं, आणि तिला हसू आलं. "आगं, हसू नगंस, खाली बघ!" काकू ओरडली. त्यावर हौसा आणखीच हसली. मग काकूलाही हसू आलं.

संध्याकाळपर्यंत वाडी उभी राहिली. अगदी पहिल्यासारखी नाही, बरं का. विहीर काकूच्या दाराजवळ आली. देऊळ जरा तिरकं झालं, पण देव काही बोलला नाही. सगळे आपापल्या घरी गेले.

मायाप्पा मात्र दारातच थबकला. त्यानं एक पाय आत टाकला, मागं वळून बघितलं, मग दुसरा टाकला. आणि अंधाऱ्या घरातून विचारलं, "हौसा, मी आत हाय का भाईर?"

"आत हायसा."

"मग तू बी ये."

हौसा आत गेली. दार लागलं. मेंढरं मेंढवाड्यात, माणसं घरात, आणि सगळी सुखात.

आणि तुम्ही दोघं अजून जागे! मनू, मेंढी धुक्यात कुठं गेली होती ते मला माहीत नाही, सांगितलं ना एकदा. मिटा डोळे. दिवा मालवते मी.