न निवणारं धोंडस

ढग जिथे रात्रीच्या मुक्कामाला उतरतात आणि सकाळी उठून जायला विसरतात, अशा एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गाव कसलं, पंचवीस-तीस घरं, एक विहीर आणि विहिरीशेजारी फणसाचं एक झाड. ते कोणी लावलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला वर्षाला एकच फणस धरायचा, पण तो असा, की उतरवायला चार गडी लागत आणि झेलायला घोंगडी.

हा फणस गावात कुणी कापून खात नसे. त्याचं धोंडस व्हायचं. ज्यांनी धोंडस खाल्लंय त्यांनी थोडा धीर धरावा, बाकीच्यांना सांगायला हवं. पिकलेल्या बरक्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाचा रस घ्यायचा. त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं आणि वेलची घालून सगळं जाड बुडाच्या पातेल्यात ओतायचं. खाली निखारे, झाकणावरही निखारे. आंबवायला नको, मळायला नको. नाक मात्र ताब्यात ठेवावं लागतं, कारण घटकाभरात असा वास सुटतो की शेजारी काहीतरी विसरल्याचं निमित्त करून डोकावून जातात.

दरवर्षी एका घराची पाळी असे. पाळी ज्याची, त्यानं धोंडस करायचं आणि सगळ्या गावाला वाटायचं. वाटण्याची रीत मात्र जगावेगळी होती. पहिला तुकडा देवाला नाही, वडीलधाऱ्यांना नाही. ज्या घराशी आपला अबोला असेल, त्या घरी तो आपल्या हातानं नेऊन द्यायचा. तो पोहोचला की पातेल्यातलं धोंडस निवायचं आणि मग बाकीच्यांनी खायचं. अबोला कुणाशीच नसेल, तर पहिला तुकडा झाडाखाली पाखरांसाठी ठेवायचा. देव गावातलेच असल्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती.

एका वर्षी पाळी आली आवडीची. गावात तिच्या हाताला तोड नव्हती आणि ही गोष्ट तिला स्वतःला सगळ्यांत आधी कळली होती. फणस उतरवणारे गडी तो तिच्या अंगणात ठेवून गेले. त्यांच्यातला म्हातारा जाता जाता म्हणाला, "आवडीकाकू, पहिला तुकडा कुठे जायचा ते लक्षात आहे ना?"

"मला रीत शिकवू नका हो," आवडी म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मथुरी राहायची. दोघी एकाच मांडवात लग्न होऊन, एकाच दिवशी या गावात आलेल्या. सासरी पहिल्यांदा रडू आलं ते दोघींना एकमेकींच्या खांद्यावर. पण आता त्यांच्यात दोन वर्षं अबोला होता. का, ते सगळं गाव जाणून होतं. एका बारशाला आवडीनं सांजा केला होता आणि मथुरी चार बायकांत हसून म्हणाली होती, "वेलची जरा जास्त झाली गो." आवडीनं ही गोष्ट घरोघरी जाऊन सांगितली होती. भर बारशात आपली नाचक्की झाली, हेही सांगितलं होतं.

एक गोष्ट तेवढी तिनं कुणालाच सांगितली नव्हती. त्याच दिवशी परसात, दोघीच असताना, ती मथुरीला म्हणाली होती, "घरात खाणारं माणूस उरलं नाही, तिनं मला चव शिकवू नये." मथुरीचा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आता त्या दारात कोणत्या तोंडानं जायचं? फणसाला टेकून बसून आवडीनं पुष्कळ विचार केला आणि तिला एक युक्ती सुचली. रीत म्हणते, अबोल्याच्या घरी जा. अबोला कुणाशी, हे काही रीत सांगत नाही. मग एखादा नवा, सोपासा, आजच्या आज मिटवता येईल असा अबोला धरला तर? स्वतःच्या हुशारीवर ती इतकी खूश झाली की पदर खोचून लगेच निघाली.

भांडायला तिनं कुंभारकाका निवडले. म्हातारा एकटा चाकावर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून बोलवायचा.

"काका, तुमची मडकी वाकडी असतात," आवडीनं सुरुवात केली.

"खरं आहे गो," काका म्हणाले. "डोळे कमी झालेत आता."

"आणि पाणी झिरपतं त्यातून!"

"झिरपतं खरं. बदलून देऊ का?"

आवडी घामाघूम झाली. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे काय गंमत आहे? शेवटी तिनं डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली, "मी आजपासून तुमच्याशी बोलणार नाही!"

काकांचं चाक थांबलं. "बरं," ते हळूच म्हणाले. "पण का, तेवढं सांगशील?"

आवडी तशीच घरी पळाली.

दुपारभर तिनं जीव ओतून काम केलं. हाताला खोबरेल तेल चोळून फणस फोडला, गरे काढले, रस गाळला, रवा खमंग भाजला. पातेलं चुलीवर चढलं आणि झाकणावर निखारे पसरले. उन्हं कलता कलता वास सुटला. त्या वासानं झोपलेली मांजरं उठून बसली आणि जागी असलेली माणसं पेंगुळली. आवडीनं सुरी घालून पाहिली, ती कोरडी बाहेर आली. कडेचा एक तुकडा कापून, केळीच्या पानात घेऊन ती कुंभारकाकांकडे निघाली. मागे अंगणात माणसं ताटल्या घेऊन जमायला लागली होती.

काका होते तिथेच बसले होते. चाकावरचा गोळा वाळून गेला होता.

"घ्या काका, पहिला तुकडा," आवडी म्हणाली. "मिटलं आपलं."

काकांनी पान हातात घेतलं नाही. "दुपारपासून आठवत बसलोय," ते म्हणाले. "काय चुकलं असेल माझं? तुझ्या मुलीच्या लग्नाला मी आलो नव्हतो, ते असेल का? की परवा तू हाक मारलीस आणि मला ऐकू आलं नाही, ते?"

"तुमचं काही चुकलं नाही हो काका!"

"मग?"

आवडीला रडू फुटलं. काय केलं आणि का केलं, ते तिनं सगळं सांगून टाकलं. परसात बोललेलं वाक्यसुद्धा सांगितलं. काकांनी वाळलेला गोळा चाकावरून उचलून बाजूला ठेवला.

"मला एका दुपारीत घास गिळवला नाही गो," ते म्हणाले. "आणि तिला दोन वर्षं झाली."

एवढं ऐकल्यावर तरी आवडीनं सरळ मथुरीकडे जायला हवं होतं. पण माणूस काही इतका सरळ नसतो. अंगणात लोक खोळंबलेत, आधी त्यांचं बघू, असं मनाशी म्हणत ती घरी आली.

अंगणात लोक खोळंबलेले होतेच, पण पातेल्यातून वाफ येत होती. नुसती वाफ नव्हे, भसाभसा वाफ. चूल कधीच विझली होती, झाकणावरचे निखारे राख झाले होते, तरी धोंडस आत्ताच उतरवल्यासारखं गरम होतं. एकानं घाई करून घास घेतला आणि जीभ पोळून घेतली. बायकांनी सुपांनी वारा घातला. पातेलं विहिरीच्या पाण्यात ठेवलं, तर पाणीच कोमट झालं.

वाफ वाढतच गेली. ती ओसरीवरून उतरली, अंगण भरून गल्लीत शिरली आणि डोंगरावरून रोज खाली येणारे ढग तिला येऊन मिळाले. घटकेत सारं गाव फणसाच्या गोड वासाच्या धुक्यात बुडालं. कुणाला कुणाचं घर दिसेना. वाण्यानं आपलं समजून न्हाव्याचं दार उघडलं आणि आत जाऊन जेवायला मागितलं. गाई आपल्या गोठ्याऐवजी देवळात जाऊन बसल्या. माणसं ताटल्या हातात घेऊन धुक्यात हळूहळू, झोपेत चालल्यासारखी फिरत होती, आणि कुठून तरी कुणीतरी म्हणत होतं, "काकू, निवलं का?"

निवलं नव्हतं. आणि निवणारही नाही, हे आवडीला आता पुरतं कळून चुकलं. आपल्यामुळे सगळं गाव उपाशी राहतंय याची तिला लाज वाटली. त्याहून जास्त लाज वाटली ती काकांच्या वाळलेल्या गोळ्याची. तिनं दुसरा तुकडा कापला, पानात घेतला आणि ती धुक्यात शिरली.

हातभर अंतरावरचंही दिसत नव्हतं. पण त्या वाटेनं ती इतकी वर्षं गेली होती, की पायांना विचारावं लागलं नाही. चालता चालता एकदा तिला वाटलं, हे धुकं असंच राहावं आणि वाट संपूच नये. तेवढ्यात सुपात काही पाखडल्याचा आवाज आला. मथुरी पायरीवर बसून तांदूळ पाखडत होती.

"मथुरे," आवडी म्हणाली.

सूप थांबलं.

"धोंडस आणलंय. पहिला तुकडा."

"पहिला कुंभारकाकांकडे गेला म्हणे," धुक्यातून आवाज आला. "गाव लहान आहे."

"तो खोटा होता. ते भांडणच खोटं होतं." "ते वेलचीचं मी कधीच सोडून दिलंय बघ."

"वेलचीचं काही नव्हतंच, आवडे."

पुन्हा सूप हलायला लागलं. आवडीच्या आजूबाजूला धुक्यात पावलं वाजत होती, ताटल्या एकमेकींवर आपटत होत्या. अर्धं गाव तिथंच कुठेतरी घुटमळत होतं. आता बोलले तर सगळ्यांना ऐकू जाणार, हे तिला कळत होतं. दोन वर्षं ज्यांच्यापुढे ती बिचारी होऊन बसली होती, तीच ही माणसं. एकदा वाटलं, पान पायरीवर ठेवावं आणि निघून जावं. धुक्यात कुणाला दिसणार होतं? पण ती हलली नाही.

"त्या दिवशी परसात मी तुला म्हणाले," आवडी मोठ्यानं बोलली, "की घरात खाणारं माणूस उरलं नाही, तिनं मला चव शिकवू नये. हे मी बोलले. आणि गावभर मात्र तुझंच बोलणं सांगत फिरले. मी वाईट वागले, मथुरे. तुझ्या दुःखावर बोट ठेवलं मी, मुद्दाम ठेवलं."

गल्लीतल्या ताटल्यांचा आवाज थांबला.

"त्या दिवसापासून," मथुरी म्हणाली, "आमटीत मीठ आहे की नाही, हेही मी बघत नाही. चूल पेटवते, शिजवते, गिळते."

आवडीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते तिनं पुसलं नाही. दोन्ही हातांत पान होतं.

"मला अजून राग आहे," मथुरी म्हणाली.

"असू दे. हवा तेवढा असू दे."

"दे इकडे."

मथुरीनं पान घेतलं आणि पटकन मांडीवर ठेवलं. "केवढं गरम आहे हे!" ती म्हणाली. मग थोडी बाजूला सरकली. "बस. निवेपर्यंत बस."

आवडी पायरीवर बसली. मथुरीनं तुकड्यावर हळूच फुंकर घातली. मग आवडीनं घातली. कौलांवरचं धुकं हळूहळू विरळ होत गेलं. आधी समोरचं घर दिसायला लागलं, मग गल्ली, आणि मग गल्लीत ताटल्या घेऊन माना खाली घालून उभं असलेलं अर्धं गाव. ते एकेक करून, पाय न वाजवता आवडीच्या घराकडे निघालं. पातेल्यातली वाफ थांबली होती. त्यांनी आपापलं वाढून घेतलं आणि कुंभारकाकांची ताटली कुणीतरी आठवणीनं भरून पोहोचवली.

इकडे मथुरीनं तुकडा मोडला, अर्धा आवडीच्या हातावर ठेवला आणि अर्धा सावकाश चावून खाल्ला. चांगलं झालंय की वाईट, हे तिनं सांगितलं नाही. आवडीनंही विचारलं नाही. तिन्हीसांज झाली तशी ती उठली, पदर सावरून निघाली.

चार पावलं गेली असेल नसेल, तेवढ्यात मागून मथुरीनं हाक मारली.

"आवडे! उद्या पाण्याला जाताना हाक मार गो."

तात्पर्य एवढंच: सोप्या दारात जाऊन माफी मागून भागत नाही, ज्याला आपला शब्द लागला, त्याच्याच दारात आपल्या पायांनी जावं लागतं.