धुरपाआईचं सूत

चिलारवाडीच्या माळावर माणसांपेक्षा लांडगे जास्त होते, त्या काळातली ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली ते कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा या गावात घरटी एक माग होता आणि घरटी एक चरखा होता. पुरुष मागाच्या खड्ड्यात पाय सोडून घोंगडी विणायचे, आणि बायका वेशीजवळच्या झाडाखाली ओळीनं बसून लोकर कातायच्या. त्या ओळीत धुरपा नावाची एक बाई होती.

धुरपाच्या सुताच्या घोंगडीवर पाणी ओतलं तर ते मण्यांसारखं घरंगळून जायचं, असं म्हणतात. तिला मूलबाळ नव्हतं, अंगावर सोनं नव्हतं. ओळीतली तिसरी जागा तिची होती, आणि तेवढ्यावर ती सुखी होती. तिथं बसलं की बायका गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या, आणि धुरपाचा हात आपोआप चालायचा.

एका उन्हाळ्यात तिच्या डाव्या हाताला खाज सुटली. खाजवलं तर बारीक फोड आला, आणि फोडातून एक दोरा डोकावला. तिनं तो ओढला. काटा काढताना कळ येते तशी कळ आली आणि बोटभर लांब दोरा बाहेर आला. रंगानं निळा. दुसऱ्या दिवशी तांबडा आला, मग काळा, मग पांढरा. कातडीखाली मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. तिनं राखेनं अंग घासलं, कडुलिंबाच्या पाल्यानं धुतलं, करंजाचं तेल लावलं. दोरे येतच राहिले.

तिनं नवऱ्याला, सिदूला, हात दाखवला. तो म्हणाला, "अगं, दिसभर लोकरीत बसतीस. लोकर चिकटायची न्हाई तर काय कापूस चिकटंल?"

"चिकटत न्हाई वो. आतनं येतंय."

"आतनं? मग त्येच कात की! मेंढ्या तरी पाळायला नकोत."

शेजारच्या बायका खळखळून हसल्या. धुरपाही हसली. पहिल्या पहिल्यांदा ती सगळ्यांबरोबर हसत होती.

पण फोडांची आग वाढली, तेव्हा ती म्हाळूतात्याकडे गेली. म्हाळूतात्या म्हणजे लोकरीचा पारखी. डोळे मिटून लोकर दोन बोटांत चोळायचा आणि मेंढी कुणाच्या वाड्यातली, लोकर पोटाची की पाठीची, पावसाळ्यातली की उन्हाळ्यातली, ते सांगायचा. कुठल्या मेंढीला ताप आला होता हेही त्याला लोकरीवरून कळायचं, असं म्हणतात. पंचक्रोशीतले सौदे त्याच्या शब्दावर व्हायचे. आणि उभ्या जन्मात 'मला कळत नाही' हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

धुरपानं पानात गुंडाळून नेलेले दोरे त्याच्या पुढ्यात ठेवले. तात्यानं डोळे मिटले आणि एक दोरा चोळला. बराच वेळ चोळला. मग त्यानं तो दिव्यावर धरला. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. या दोऱ्याला कसलाच वास आला नाही, आणि तो जळलाही नाही. तात्याच्या कपाळावर घाम आला. एव्हाना भोवती सगळं गाव जमून बघत होतं.

"जावळ हाय," तात्या म्हणाला. "कोकराची पयली लोकर."

"आन् निळं, तात्या? निळं कोकरू कुणाचं?" धुरपानं विचारलं.

तात्याला राग आला. "निळं तुझ्या लुगड्याचं. पदराचं सूत काढायचं आन् जखमंत घालायचं. मूल नसलं की काही बायकांना असलं काईतरी लागतं."

धुरपा उठली आणि घरी गेली. गावाला मात्र उत्तर मिळालं होतं.

त्यानंतर एका घोंगडीत कुणाला तरी निळा धागा सापडला म्हणे. मग लोक तिचं सूत घेईनात. एक दिवस ओळीतली थोरली बाई तिला म्हणाली, "धुरपा, थोडं दिस घरीच बस गं. वाईट वाटून घेऊ नगंस." धुरपानं चरखा उचलला. ती दहा पावलं गेली नसेल, तोवर बायका सरकून बसल्या आणि तिची जागा भरून गेली.

तेव्हा धुरपा स्वतः गावापुढे उभी राहिली. "मला लोकरीपासनं लांब ठेवा," ती म्हणाली. "लुगडंबी काढून घ्या. सव्वा महिना कोंडा. दोरं आलं न्हाईत तर मी खोटी. आलं तर माझी जागा मला द्या."

गावानं माळावर दगडांची खोप रचली. आत पळसाची पानं अंथरली, आणि तिनं अंगालाही पळसाचीच पानं टाचून गुंडाळली. दारावर दोन म्हाताऱ्या बसल्या. पत्रावळीवर भाकरी आत जायची आणि रिकामी पत्रावळ बाहेर यायची. सव्वा महिना सूत नाही, वस्त्र नाही, लोकरीचा केससुद्धा नाही.

मग दार उघडलं. खोपीत गुडघाभर दोरे साचले होते, असं म्हणतात. निळे, तांबडे, काळे, पांढरे. मधोमध धुरपा बसली होती. तिच्या अंगावर बोट टेकवायला चांगली जागा उरली नव्हती. पण तिचा चेहरा शांत होता. आता आपली जागा मिळणार, एवढंच तिच्या मनात होतं.

म्हाळूतात्यानं वाकून एक दोरा उचलला आणि डोळे मिटले.

धुरपा हळूच म्हणाली, "तात्या, कळत न्हाई म्हणा. तेवढं म्हनलासा तरी बास."

तात्याचे ओठ हलले. तो ते म्हणणार, असं तिला वाटलं. पण म्हातारा मटकन खाली बसला आणि त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "आई!" तो ओरडला. "देवीची लोकर हाय ही! मी पारख केली!"

सगळं गाव जमिनीला टेकलं.

"पाया नका पडू," धुरपा म्हणाली. "अंगाची आग होतीया, तेवढी बघा."

पण तोवर ढोल वाजायला लागले होते. बायकांनी दोरे वेचून पोरांच्या मनगटांना बांधले. खोपीतले दोरे संपले, तेव्हा त्या तिच्या हातांवरचे ओढायला लागल्या. दर दोऱ्याला ती कळवळायची आणि दर वेळी लोक जयजयकार करायचे. सिदू सगळ्यांच्या मागे उभा होता. तोही पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "आई, चुकलं माजं." आपल्या नवऱ्याच्या तोंडून 'आई' ऐकलं, तेव्हा धुरपानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ती चरखा घेऊन वेशीजवळ गेली. ओळीतल्या सगळ्या बायका ताडकन उभ्या राहिल्या.

"सरका की गं जरा," धुरपा म्हणाली.

"आई, तुमी? देवी कुठं सूत कातती व्हय? आमाला पाप लागंल."

त्यांनी एकेक करून तिला नमस्कार केला आणि आपापले चरखे उचलून घरी नेले. धुरपा झाडाखाली एकटीच बसली. गाणं नव्हतं, चेष्टा नव्हती. तिचं सूत त्या दिवशी पहिल्यांदा तुटलं, आणि तुटतच राहिलं.

पुढच्या कातरणीच्या दिवशी सगळं गाव मेंढ्यांची लोकर कापण्यात गुंतलं होतं. धुरपा चरखा डोक्यावर घेऊन माळावर चढली. खोपीपाशी बसली, हातातून निघालेला एक दोरा तिनं चरख्याच्या चातीला लावला आणि चाक फिरवलं. दोरा तुटला नाही. हातातून निघाला, खांद्यातून निघाला, उरातून निघाला. दिवसभर ती स्वतःला कातत राहिली. संध्याकाळी मेंढ्या घेऊन येणाऱ्यांनी पाहिलं, तेव्हा चाक अजून हलत होतं. शेजारी रिकामं लुगडं होतं आणि सुताचा एक मोठा गुंडा होता. बाई नव्हती. असं म्हणतात.

त्या जागी गावानं शेंदूर लावून दगड बसवला. म्हाळूतात्याच त्याचा पहिला पुजारी झाला.

अजूनही चैत्रात कातरणी संपली की चिलारवाडीत धुरपाआईची जत्रा भरते. रंगीत दोरे विकायला येतात आणि लोक ते मनगटांना बांधतात. दगडासमोर बायका चरखे घेऊन ओळीनं बसतात. तिसरी जागा मोकळी सोडतात, तिथं हळदकुंकू वाहतात, पण बसत कुणी नाही. एखाद्या बाईच्या अंगाला खाज सुटली असेल, तर तिला त्या दिवशी ओळीतून उठवतात आणि दगडापाशी नेतात. पुजारी तिच्या फोडांवर अंगारा चोळतो. अंगारा झोंबतो. आग होतेय, असं ती म्हणाली, की सगळ्या बायका चरखे थांबवतात आणि तिला हात जोडतात.