बोंबलाने भरलेलं रिकामं भांडं

केकला बोंबलाचा वास येत होता. तोही ऐन श्रावणात, आणि तोही भूपालराजांच्या केकला.

राजांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग ज्या मऊ, तांबड्या सिलिकॉनच्या भांड्यात तो केक भाजला होता, ते भांडं दरबारात फिरलं. प्रत्येक सरदाराने आधी राजांच्या तोंडाकडे पाहिलं, मग भांडं हुंगलं, मग नाक दाबलं. (त्या काळी सिलिकॉन कुठून आलं, असं विचारणाऱ्याने त्या काळी राजा तरी कुठून आला हेही विचारावं.)

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी स्वतः राजांनीच त्या भांड्यात लसूण-तेल लावलेले बोंबील भाजून घेतले होते. तळले असते तर वास राणीमहालात गेला असता ना! ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून कुणीच बोललं नाही.

"उद्या आमच्या सासूबाई येताहेत," राजे गरजले. "त्यांना याच भांड्यातला, याच फुलाच्या आकाराचा केक हवा. सकाळपर्यंत वास गेला नाही, तर भिकोबा आचाऱ्याने बिऱ्हाड घेऊन राज्याबाहेर चालू लागावं."

भिकोबाने ते भांडं राखेने घासलं, साबणाने घासलं, शिकेकाईने घासलं. शेवटी त्यावर लिंबं चोळली. तेव्हा त्याला लिंबू पिळलेल्या बोंबलाचा वास येऊ लागला. म्हातारा डोक्याला हात लावून बसला. साऱ्या आयुष्यात त्याने एवढी एकच चूल ओळखली होती.

त्याची सून आवडा शेजारी येऊन बसली. "मामंजी, लोणचं संपलं तरी बरणीच्या दट्ट्याचा वास जातो का? तेल मुरतं तिथे वास मुरतो. हे भांडं तेल प्यालंय. वरून घासून काय होणार? ते आतून तापायला हवं. सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवू, पुसून कोरडं करू आणि केक भाजतो तेवढ्याच आचेवर भट्टीत ठेवू. रिकामंच."

'रिकामंच' हा शब्द ऐकून भिकोबाचा चेहरा पडला. राजज्योतिषी त्र्यंबकशास्त्र्यांचा हुकूम होता, की रिकामं भांडं आचेवर ठेवायचं नाही. घरधन्याला दारिद्र्य येतं. ठेवील त्याची गाढवावरून धिंड!

"त्यात पाणी तरी भर गं."

"पाणी भरलं तर भांडं तापायचं नाही."

"मग पीठ?"

"पिठाला बोंबलाचा वास लागेल आणि ते उद्या कुणाला वाढायचं? मामंजी, तुम्ही निजा. धिंड निघालीच तर माझी निघेल. गाढवावर बसायची मला सवय आहे, माहेरी कुंभारवाडा शेजारीच होता."

तिने भांडं सोड्यात भिजवलं, पुसलं, भट्टीत ठेवलं आणि खिडक्या उघडल्या. थोड्याच वेळात असा काही दरवळ सुटला, की राजवाड्यातली मांजरं खिडकीखाली गोळा झाली. त्यांच्या मागोमाग शास्त्रीबुवाही आले. त्यांनी भट्टीत डोकावून पाहिलं आणि त्यांना मनापासून आनंद झाला.

सकाळी भांडं दरबारात आलं. राजांनी हुंगलं. उलटं करून हुंगलं. कान्याकोपऱ्यात नाक घालून हुंगलं. वास नव्हता. सरदारांनी राजांच्या तोंडाकडे पाहून समाधानाचे सुस्कारे सोडले.

"महाराज, घात झाला," शास्त्रीबुवा पुढे आले. "या पोरीने भांडं रिकामं असताना भट्टीत ठेवलं. मी डोळ्यांनी पाहिलं. आता खजिन्याला ओहोटी लागलीच म्हणून समजा."

राजांचा चेहरा उतरला. "आवडा, वास घालवलास हे खरं. पण अपशकुन केलास. धिंड निघणारच."

"निघू दे महाराज. पण आधी शास्त्रीबुवांना एक विचारू? बुवा, मी भट्टीत ठेवलं तेव्हा भांड्यात काय होतं?"

"काही म्हणजे काही नव्हतं."

"वाससुद्धा नव्हता?"

"वास कसा नव्हता? उग्र वास होता! परसापर्यंत येत होता. मी वासानेच तर आलो."

"म्हणजे वास होता," आवडा राजांकडे वळली. "महाराज, ज्याच्यापायी माझ्या सासऱ्यांना राज्य सोडावं लागणार होतं, त्याला 'काही नाही' कसं म्हणायचं? भांडं बोंबलाच्या वासाने भरलेलं होतं तोवर भट्टीत होतं. रिकामं झालं, तशी मी बाहेर काढलं. क्षणभरही जास्त ठेवलं नाही. आणि बुवा म्हणतात तसं ते आधीपासूनच रिकामं असेल, तर काल एवढ्या मोठ्या दरबाराने नाकं कशासाठी दाबली?"

दरबारातल्या कालच्या नाकांना आज कुठे जावं ते कळेना.

राजे आधी मिशीत हसले, मग पोट धरून हसले. ते हसताहेत अशी खात्री झाल्यावर दरबारही हसला.

"भिकोबाची चूल कायम!" राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून आवडापुढे धरलं. "हे घे. आणखी काय हवं?"

"आणखी एक भांडं द्या महाराज, असंच. एक फक्त केकसाठी राहील. दुसऱ्यात महाराजांना जे रुचेल ते भाजू."

राजांनी हळूच राणीमहालाच्या दिशेला पाहिलं आणि मान डोलावली. मग शास्त्रीबुवांना जवळ बोलावून, त्यांच्या कानाशी लागून त्यांनी विचारलं,

"बुवा, श्रावण संपायला अजून किती दिवस आहेत हो?"