चवीचा दगड

जपून या, शेवटच्या दोन पायऱ्या हलतात. हं, बसा आता. समोर दिसतो तो काळा चौथरा, आणि त्यातला हा हातभर खोल कोनाडा. कोनाड्यात लिंबाएवढा मिठाचा खडा ठेवलेला आहे. आणि वर, चौथऱ्याच्या कपाळावर, चुन्यात बसवलेली ही पांढरी गारगोटी. धामणदऱ्याचे लोक हिला चवीचा दगड म्हणतात. माघी पौर्णिमेपासून होळीपर्यंत रोज उजाडताना गावातली दोन घरची दोन माणसं इथे चढतात, मिठाचा खडा चाचपतात, जिभेला लावतात, आणि मग खाली गावाकडे तोंड करून ओरडतात, 'उघाड' किंवा 'आभाळ'. बाहेरच्या लोकांना हसू येतं. येऊ द्या बापडं.

हा महिनाच मोठा लबाड आहे. थंडी पुरती गेलेली नसते आणि ऊन तर येऊन बसलेलं असतं. सकाळी घोंगडी लागते, दुपारी सदरा नकोसा होतो. पळस फुललाय, हरभरा वाळलाय, जोंधळा काढणीला आलाय, सगळं कसं छान चाललेलं असतं, आणि मग एखाद्या संध्याकाळी त्या दक्षिणेच्या खिंडीतून असं काही येतं की चार महिन्यांचं पीक तासाभरात मातीत. तुमच्या मोबाईलवर दिसतं ते जिल्ह्याचं हवामान. आमच्या दऱ्याचं आम्हालाच बघावं लागतं.

हवा बघण्याचं हे काम पूर्वी भिवरा नावाच्या बाईकडे होतं, असं सांगतात. किती पूर्वी ते विचारू नका. कुणी सात पिढ्या म्हणतं, कुणी बारा, आणि दोघेही शपथेवर सांगतात. तिचा बाप हवा बघायचा. तो गेला तेव्हा भिवरा नवरा वारल्यामुळे माहेरी परत आलेली होती आणि धाकटा भाऊ म्हाळू अजून रांगत होता. तिनं बापाची टेकडीही सांभाळली आणि त्याचं पोरही वाढवलं. म्हाळूला आई आठवत नव्हती, त्याला आक्काच आठवत होती.

रोज पहाटे ती वर यायची. गावातल्या चुलींचा धूर सरळ चढतोय की जमिनीलगत रेंगाळतोय, मुंग्या अंडी घेऊन कुठे निघाल्यात, खिंड स्वच्छ आहे की तिथे काही काळवंडलंय, हे बघायची, पण शेवटचा शब्द मिठाच्या खड्याचा. हवेत ओल शिरली की खड्याला पाणी सुटतं. खडा कोरडा तर उघाड, ओलसर तर आभाळ. आणि जो मिठाचं ऐकतो त्यानं मीठ खायचं नाही, असं तिच्या बापाचं व्रत होतं म्हणे. तो महिनाभर भिवरा अळणी जेवायची. मीठ जिभेला लावायची नाही, कोनाड्यातला खडा तर मुळीच नाही.

तिनं 'आभाळ' म्हटलं की गावानं हातातलं काम टाकायचं आणि सगळ्यांनी मिळून पिकं काढायची. आधी ओढ्याकाठची रानं, कारण ती आधी बुडतात, आणि मग वर चढत चढत माळावरची. 'उघाड' म्हटलं तर ज्यानं ज्याची माणसं सांगून ठेवली असतील, ती त्याच्या रानात. सव्वीस वर्षं तिचा शब्द चुकला नाही, असं सांगतात. मी म्हणतो, दोनचारदा चुकला असेल. पण लोक सव्वीस सांगतात तर सव्वीस.

पुढे भिवराला मोतीबिंदू झाला. आधी खिंड दिसेना, मग धूर दिसेना, मग मुंग्या. हे तिनं गावाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम गेलं असतं आणि त्या कामाखेरीज तिच्याजवळ दुसरं होतं काय? तिनं एकट्या म्हाळूला सांगितलं. तेव्हापासून तो तिचा हात धरून वर यायचा. खिंडीत काय दिसतं ते तो सांगायचा, आणि खडा ती स्वतः चाचपायची. अशी दोन वर्षं निभली.

तिसऱ्या वर्षी म्हाळूच्या माळावर असा जोंधळा आला की माणूस आत शिरला तर दिसू नये. त्यानं बारा माणसं दोन दिवसांसाठी सांगून ठेवली. आदल्या संध्याकाळी सहज टेकडीवर आला, तर खड्याला पाणी सुटायला लागलेलं. म्हणजे सकाळी आक्का 'आभाळ' म्हणणार, बाराच्या बारा माणसं ओढ्याकाठी जाणार, आणि माळावरच्या म्हाळूची पाळी सगळ्यांच्या शेवटी येणार. त्यानं खडा उचलून पटक्यात खोचला आणि कोनाड्यात तेवढीच, तशीच खरबरीत गारगोटी ठेवली. दोन दिवसांचा तर प्रश्न, असं त्याला वाटलं असेल. ओल येते आणि जातेही, दर वेळी गारा थोड्याच पडतात?

सकाळी दोघं वर आली. थंडीनं भिवराची बोटं बधिर झालेली. तिनं कोनाड्यात हात घातला.

"कोरडा लागतोय रं," ती म्हणाली. "पर वारं तर अंगाला वलसर लागतंय. खिंडीत काय दिसतंय, म्हाळू?"

"खिंड मोकळी हाय, आक्का. पार पलीकडचा डोंगर दिसतोय."

खिंडीत तेव्हा काजळ धरलं होतं म्हणे. भिवरानं गुडघा चोळला. मग गावाकडे वळली आणि ओरडली, "उघाऽऽड!"

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. म्हाळूचा जोंधळा निघाला, कणसं खुडून झाली, सगळं छपराखाली गेलं. आणि त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, खिंडीतून ते आलं. लिंबाएवढ्या गारा पडल्या. ओढ्याकाठी जोंधळ्याचं एक ताट उभं राहिलं नाही. कोंडाजी नावाच्या शेतकऱ्याचा बैल झाडाखाली बांधल्या जागी मेला. अख्ख्या गावात एकाच घरात दाणा होता, भिवराच्या भावाच्या.

दुसऱ्या सकाळी ती एकटीच, दगड चाचपत वर आली. कोनाड्यात हात घातला तर खडा कोरडा ठणठणीत. एवढ्या पावसानंतर कोरडा! ती तो हातात घेऊन बसून राहिली. मग तिनं जन्मात न केलेली गोष्ट केली. व्रत मोडायची तयारी करून खडा जिभेला लावला. चव नव्हतीच. मीठच नाही म्हटल्यावर व्रतही मोडलं नाही. त्या क्षणी तिला सगळं कळलं, कारण तिच्या डोळ्यांचं एकालाच ठाऊक होतं.

तोवर गाव वर चढून आलं होतं. म्हाळूही होता. न येऊन चाललं नसतं.

कोंडाजी ओरडला, "भावाचं घर भरलंस आन् आमचं मातीत घातलंस, भिवराबाई! तुझ्या शबुदावर झोपलो आमी!"

हे ऐकताना तिला काय झालं असेल! ज्यानं फसवलं तो समोर उभा, आणि फसवल्याचा बोल हिच्या माथी. तिनं भावाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "डोळं गेलंत माजं. दोन वर्सं झाली. तुमास्नी सांगितलं न्हाई, ही माजी चूक." मग हातातला दगड पुढे केला. "म्हाळू, हिकडं ये. चाख ह्यो, आन् सांग सगळ्यास्नी."

म्हाळूनं दगड घेतला. जिभेला लावला. तिनं त्याला शेवटची संधी दिली होती, हे लहान पोरालाही कळावं. अळणी आहे, एवढंच म्हणायचं होतं. माफी मागायचीही गरज नव्हती.

तो म्हणाला, "खारट हाय, आक्का."

भिवरानं दगड त्याच्या हातातून काढून घेतला आणि अंदाजानं शेजारच्याच्या हातात दिला. तो कोंडाजी होता. त्यानं चाखला आणि म्हणाला, "अळणी." त्यानं पुढच्याला दिला. अळणी. त्याच्या पुढच्या बाईनं चाखला. अळणी. अख्ख्या गावानं एकेक करून तो दगड चाखला आणि प्रत्येकानं तोच शब्द उच्चारला, आणि म्हाळू मान खाली घालून तो ऐकत उभा राहिला. दगड फिरून भिवराच्या मुठीत आला तेव्हा त्याला पाणी सुटलं होतं, असं सांगतात. आता पन्नास माणसांनी चाटलेला दगड ओला नसेल तर काय होईल? पण लोक म्हणतात, ते चमत्काराचं पाणी होतं. गारा पडायच्या आदल्या दिवशी ही गारगोटी आजही ओली होते म्हणे. मला तरी अजून दिसलेली नाही.

भिवरा पुन्हा भावाच्या घरी गेली नाही. इथेच टेकडीवर खोपट बांधून राहिली, मरेपर्यंत अळणी जेवली. म्हाळूनं सगळा जोंधळा गावाला वाटून दिला. लोकांनी घेतला, पोट होतं ना. पण घेताना त्याच्याशी कुणी बोललं नाही.

आमच्या घरात ही गोष्ट जरा वेगळी सांगतात. होय, आमच्या घरात. मी म्हाळूच्याच वंशातला. आमच्याकडे म्हणतात, तो खोटं बोललाच नाही. पटक्यात खोचलेला खरा खडा दमट हवेनं विरघळत होता, ते पाणी कपाळावरून ओठांवर आलं होतं, म्हणून त्याला दगड खरोखर खारट लागला. आजीनं मला हे पुष्कळ वेळा सांगितलं. लहानपणी मी विश्वास ठेवला. आता ठेववत नाही. आणि समजा लागला खारट, तरी आपण कोनाड्यात काय ठेवलं होतं हे त्याला माहीत नव्हतं का?

आजही पहिल्यांदा खडा चाखायचा तो म्हाळूच्या घरच्यानं. त्यानं चव सांगायची, आणि मग कोंडाजीच्या घरच्यानं पुन्हा चाखून बघायची. त्याच्या तोंडून आल्याशिवाय गाव एक पेंढी हलवत नाही. मी चौतीस वर्षं चाखतोय. एकदाही खोटं बोललेलो नाही. माझ्यामागून चाखणारा कोंडाजीच्या घरचा माणूस माझा मित्र आहे, माझ्या मुलीच्या लग्नात वाढायला होता. तरी मी 'खारट' म्हणतो आणि तो हात पुढे करतो. पहिली काही वर्षं फार लागायचं मनाला. आता मीच खडा त्याच्या हातावर ठेवतो.

घ्या, तुम्हीही चाखा. मी सांगतोय की खारट आहे, पण तुम्ही चाखा.